‘साल २०००’मधल्या खुर्च्या

८ जानेवारी २०१८, सान पाब्लो

पोचलो एकदाचे. मी, ताताय, चार पिशव्या आणि गावाकडचे नारळ. वडिलांना काखोटीला मारून नव्या नोकरीवर रुजू होणारी माझ्यासारखी दुसरी बया अख्ख्या लागुना प्रांतात नसेल. पण करणार काय? धाकटी बहीण सोल गावीच असते, पण ती पोटुशी. तिच्या गळ्यात म्हातारं माणूस कुठे घालायचं? म्हटलं, चला ताताय, माझ्याबरोबर. सबंध वाटभर नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

घर छान मिळालंय. दोन खोल्या, पुढे लोखंडी फाटक, मागे केळी. पार्क पायी जाण्याइतकं जवळ.

आणि काम म्हणजे तर गंमतच आहे. लिवायवाय पार्कात ‘साल २०००’ नावाचा एक कोपरा आहे. तो बांधला तेव्हा दोन हजार साल म्हणजे फार लांबची गोष्ट होती. पत्र्याचं रॉकेट, गोल फिरणाऱ्या उडत्या तबकड्या, काचेच्या घुमटाखाली कॅन्टीन, आणि दाराशी सलाम ठोकणारा यंत्रमानव. त्याच्या कोपरात आता चिमण्यांनी घरटं केलंय. दोन हजार साल आलं आणि गेलं, हा कोपरा मात्र तिथेच गंजत बसला. याचं रूप मी पालटायचं. तातायना म्हटलं, मला भविष्य दुरुस्त करायला ठेवलंय. ते म्हणाले, आधी मोरीचा नळ दुरुस्त करून घे.

मालकीणबाई, मॅम एस्कान्यो, बोलायला गोड आणि भारी घाईच्या. ईस्टरच्या रविवारी उघडायचंच म्हणाल्या. मी हो म्हणून बसले.

१० जानेवारी

दिवसभर मोजमापं घेतली. एक विचित्र गोष्ट दिसली. एवढ्या मोठ्या कोपऱ्यात बसायला एकही बाक नाही. पूर्वी होते, कारण फरशीत बोल्टांची भोकं आहेत. कुणीतरी सगळे उपटून काढलेत. कूया डोमेंगना, म्हणजे डोमेंगदादांना, विचारलं. ते इथले जुने मेकॅनिक, तरुणपणापासून इथेच. ते म्हणाले, बाक ठेवले की बसतात. मी म्हटलं, अहो, बाक त्याचसाठी असतात की! ते हसले नाहीत. मी नकाशात भरपूर खुर्च्या काढल्या.

कॅन्टीनमध्ये आलिंग पुरिंग, सगळ्यांची पुरिंगमावशी, कॉफी विकते. तिचं गिऱ्हाईक बघून आधी काही कळेना. पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली माणसं संध्याकाळी घोळक्याने येतात, उभ्याउभ्या कॉफी पितात, एकाही पाळण्यात बसत नाहीत आणि जातात. मग डोक्यात प्रकाश पडला. बाहेरच्या रस्त्यावर मयत ठेवायचे तीन हॉल आहेत. मयताला भेटून थेट घरी जायचं नाही, मध्ये कुठेतरी थांबून झटकून जायचं, म्हणजे गेलेलं माणूस मागोमाग घरी येत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सगळ्यात जवळची, फुकट शिरता येणारी जागा कुठली, तर आमचं भविष्य! मी एकटीच हसत सुटले.

पार्कातल्या कामगारांचीही गंमत आहे. सुटी झाली की सगळे मिळून आधी चर्चजवळच्या बेकरीत जातात, मग आपापल्या घरी. का, तर दिवसभर लोकांनी टाकलेल्यांत वावरायचं आणि तसंच घरी जायचं बरं नव्हे. मीही गेले. तातायना ताजे पाव लागतातच.

१९ जानेवारी

आज मी बाजी मारली. मॅमना म्हटलं, ही मयताची माणसं येणारच आहेत तर त्यांना नीट बसवू या. काचेच्या घुमटाखाली गार हवा, मऊ खुर्च्या, कॉफी, गरम पेज, भिंतीवर चांदणं. मॅम आनंदाने उडाल्याच. म्हणाल्या, रेमी, तुझ्यासारखं डोकं हवं.

कूया डोमेंग सगळं ऐकून घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, “लोक इथं टाकून जातात, बाई. टाकलेल्याला खुर्ची द्यायची नसते.”

म्हटलं, बरं. आणि खुर्च्यांची ऑर्डर देऊन टाकली.

घरी ताताय विचारत होते, आपण गावी कधी जायचं? ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात तरी जाऊ ना? म्हटलं, उद्घाटन होऊ दे, मग जाऊ. म्हणाले, उद्घाटन तर त्या आठवड्यानंतर आहे. मी भात वाढला आणि विषय बदलला. आता लिहिताना चुटपुट लागलीय.

६ फेब्रुवारी

ताताय रोज सकाळी पिशवी भरतात. दोन सदरे, जपमाळ, दाढीचं सामान. मी संध्याकाळी ती रिकामी करते. आज डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर उभं केलं तर एक्केचाळीस किलो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तातायना उपाशी ठेवते. ताताय म्हणाले, इथलं पाणी मानवत नाही. मला गावी ने. डॉक्टरांसमोर म्हणाले. मी हसून साजरं केलं.

२१ फेब्रुवारी

खुर्च्या आल्या. काय देखण्या आहेत! नव्या तबकड्याही बसल्या. प्रत्येक आसनाखाली वजनाचा काटा आहे. चालवणाऱ्याच्या खोलीतल्या पडद्यावर कुठल्या आसनावर किती वजन ते दिसतं. भार जास्त झाला तर यंत्र सुरूच होत नाही. मुलांच्या जिवाला धोका नको.

दुपारी फोन आला. ताताय पिशवी घेऊन बसथांब्यावर सापडले. उन्हात, अनवाणी. मी काम टाकून धावले आणि चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल. टपरीवरचा माणूस बघत होता. तातायनी मान खाली घातली.

उद्यापासून फाटकाला बाहेरून कुलूप लावून जाणार आहे. दुसरा इलाज नाही. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

५ मार्च

तबकड्या सुरू होईनात. पडदा म्हणतोय भार जास्त. तबकड्यांत चिटपाखरू नाही. कूया डोमेंगनी वीज बंद करून पुन्हा चालू केली, तेच. बावन्न किलो, सत्तर, अठ्ठावन्न, प्रत्येक आसनावर वेगळं. आणि एका आसनावर तीन किलो. मी म्हटलं, काटे सदोष आलेत. डोमेंग पडद्याकडे बघत राहिले, मग टोपी काढली.

कॅन्टीनमधल्या खुर्च्या मी टेबलांभोवती गोल मांडून ठेवते. सकाळी सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. झाडूवाल्या बाईला झापलं. ती रडली. म्हणाली, मी खुर्च्यांना हात लावत नाही, मला बसलेल्यांना उठवायची भीती वाटते.

१३ मार्च

ताताय गेले.

संध्याकाळी कुलूप काढलं तर फाटकाच्या आतल्या बाजूला खाली बसलेले. टेकून. पिशवी मांडीवर. एका हाताने फाटकाचा गज धरलेला. तो हात मला सोडवेना. शेजारीण म्हणाली, दुपारी हाका मारत होते, आम्हाला वाटलं तुम्ही आहात घरात.

मी नव्हते. मी खुर्च्यांना गाद्या शिवून घेत होते.

१७ मार्च

सोल म्हणत होती, लगेच गावी आणा. मी म्हटलं, इथेच तीन दिवस ठेवू, माझी माणसं येतील. खरं कारण ते नव्हतंच. मला रजा मिळणार नव्हती आणि मी मागितलीही नव्हती.

हॉल पार्कच्या रस्त्यावरचाच. मॅम फुलं घेऊन आल्या. माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, रेमी, नाहीतरी ही सगळी मंडळी कुठेतरी थांबणारच ना? आपलं कॅन्टीन तयार आहे. उद्घाटनाआधी जरा पाहून घेऊ.

आणि मी हो म्हटलं. देवा, मी हो म्हटलं!

मयताला आलेली सगळी माणसं मी स्वतः घेऊन गेले. मॅमनी फोटो काढले. सगळे म्हणाले, किती छान जागा आहे. मीही बसले, पेज खाल्ली, उठले, आणि झगा झटकला. सवयीने. लहानपणापासून झटकतो तसा, दोनदा, खालपासून. आणि बेकरीवरून घरी आले.

२० मार्च

पुरून आलो. गावच्या कब्रस्तानात, आईशेजारी. सोल बाळंतीण, तरी चालत आली. बाळ आठ दिवसांचं आहे. निघताना सोल एवढंच म्हणाली, “त्यांना घरी आणायला हवं होतं. पेटी नाही गं, त्यांना.”

परतीच्या वाटेवर कळलं ती काय म्हणत होती. गावात पेटी गेली. ताताय नाही गेले. त्यांना मी कॅन्टीनमध्ये झटकून आले होते. गावी न्या, गावी न्या म्हणणाऱ्या माणसाला.

२२ मार्च

कामावर गेले. सगळ्या खुर्च्या फाटकाकडे तोंड करून. मी कुणाला झापलं नाही. बसून राहिले. आत गार हवा होती, तरी मेणबत्त्यांचा आणि शिळ्या फुलांचा वास. भर दुपारी.

आलिंग पुरिंग आता आत येत नाही. तिने स्टोव्ह बाहेर यंत्रमानवाच्या पायाशी मांडलाय. म्हणाली, पूर्वी ते टाकलेले भिंतीला टेकून उभे राहायचे, कंटाळून कुठेतरी निघून जायचे. तू त्यांना बसवलंस. बसलेलं माणूस वाट बघत राहतं.

कुणाची वाट, असं मी विचारलं. तिने फाटकाकडे बोट दाखवलं. मला लाज वाटली.

२४ मार्च

पडद्यासमोर बसले होते. आकडे सगळ्या आसनांवर. एकेक वाचत गेले.

एकोणिसावं आसन — एक्केचाळीस.

जाऊन शेजारी बसले. आसन रिकामं. ऊन पडलेलं. हात ठेवला तर गादी दबलेली होती आणि गार. मी म्हटलं, ताताय, मी चुकले. कुलूप लावायला नको होतं. तुम्हाला चारचौघांत बोलायला नको होतं. खूप रडले. कूया डोमेंग दुरून आकडा बघत होते, म्हणाले, हलत नाही.

माफी नकोय त्यांना. त्यांना काय हवंय ते त्यांनी मला रोज सांगितलं होतं.

२६ मार्च

ठरवलं. पार्कची जुनी व्हॅन मागितली. मॅमना सांगितलं, पवित्र आठवड्यात मी गावी जाणार. त्या म्हणाल्या, अशा वेळी? नोकरी राहणार नाही. म्हटलं, गेली तर जाऊ दे. हे वाक्य जानेवारीत का सुचलं नाही मला?

वाटेत कुठेही थांबायचं नाही. बेकरी नाही, चहा नाही, पेट्रोल नाही. इथून थेट घरात. जन्मभर जे करू नको म्हणून सांगितलं तेच करायचं.

कूया डोमेंग म्हणाले, खुर्च्या आधी काढून टाकू, सावकाश जातील सगळे, मग तुझ्या वडिलांना ने. म्हटलं, किती दिवस लागतील? म्हणाले, वर्षं. मला धीर नाही. ताताय आणखी एक दिवसही तिथे नकोत.

२८ मार्च

सकाळी एकोणिसाव्या आसनाजवळ उभी राहिले. जोरात म्हटलं, “चला. घरी चला. मी न्यायला आलेय.”

डोमेंगनी खोलीतून हात केला. एक्केचाळीसचा शून्य झाला! मी रडतरडत हसले. मग त्यांनी पुन्हा हात केला. बावन्नचा शून्य. सत्तरचा. सगळे आकडे एकामागून एक — तीन किलोचाही. डोमेंग धावत आले, काहीतरी ओरडत होते. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मी व्हॅनकडे गेले. थांबले नाही.

व्हॅन उठेना. रिकामी व्हॅन. चाकं बसलेली. पहिल्या गिअरमध्ये गोंगाट करत निघाली. लुसेनाच्या चौकात पोलिसाने हात दाखवला, मी चाकं रांगतीच ठेवली, त्याने बाजूने चालत वाकून आत पाहिलं, आणि म्हणाला, एवढी माणसं भरायला परवानगी नाही. मग पुन्हा पाहिलं, छातीवर क्रॉसची खूण केली, आणि जा म्हणाला.

आतिमोनानच्या चढावर, जिथे रस्ता कोंबडीच्या आतड्यासारखा वळत जातो, इंजिनातून धूर आला. मागे कुणीतरी खोकलं. ताताय असतील म्हणून मी आरशात —

तातायचा खोकला नव्हता.

थांबता येत नव्हतं. थांबले असते तर ताताय त्या घाटात राहिले असते.

२९ मार्च, पवित्र गुरुवार, गावी

काल दुपारी पोचले. सोलने दार उघडलं, मला पाहिलं आणि मिठी मारली. म्हणाली, आणलंस? मी हो म्हटलं. तिने तातायच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. किती हलकं वाटलं होतं मला.

मग दाराजवळची बांबूची जमीन दबली. आमचं घर खांबांवर आहे, माणूस चढलं की जमीन वाकते, ते नवीन नाही. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. शेजारची पट्टी दबली. मग त्याच्या शेजारची. एकेक जण आत येऊन बसावा तशी. सबंध खोलीभर. खिडकीपर्यंत.

सोलने विचारलं, नाव घेऊन बोलावलंस ना?

नाव. हरवलेला जीव नाव घेऊन बोलवायचा असतो, हे मला माहीत आहे. माहीत होतं. पण मी वडिलांचं नाव कधी घेतलंय का आयुष्यात? मी नुसतं घरी चला म्हटलं. किती वर्षांपासून तिथे बसलेत ते. कुणीतरी घरी चला म्हणावं म्हणून.

सकाळ

जमीन कुरकुरतेय. कुणी त्रास देत नाही. नुसते बसलेत. इतके शहाण्यासारखे बसलेत की मला त्यांचंही वाईट वाटतं. यांचीही पोरं असतील, झगे झटकून गेलेली.

पण तातायनाच आत येता आलेलं नाही. मी मोठ्याने नाव घेतलं. पोन्सियानो कातिगबाक. दोनदा घेतलं. शिडीखालून खोकला आला. त्यांचाच. शिडीची खालची पायरी वाकली, वाकलेलीच आहे. वर येत नाहीत. आत जागा नाही. दुसऱ्याला ढकलून पुढे जाणं तातायना कधी जमलं नाही. दवाखान्यातसुद्धा आपला नंबर दुसऱ्याला देऊन बसायचे.

दुपार

बाळाचा झोका खाली आला. दोरी ताणली. बाळ एकटंच आहे त्यात, तरी — दोन बाळांएवढा. बाळाच्या शेजारी दुपट्यात खळगा. तीन किलो —

सोलला म्हटलं, बाळाला घेऊन शेजारी जा, मागे बघू नको. ती म्हणाली, तू? म्हटलं, मी येते. ती गेली. दोघांची जागा झाली. आता येतील म्हणून शिडीकडे बघत बसले.

व्हरांड्याच्या पट्ट्याही दबलेल्या होत्या, तिथले दोघे आत सरकले. ताताय खालीच.

कळलं. कुणी गेल्याशिवाय कुणी आत येत नाही. यांतला कुणी जाणार नाही. यांना जायला दुसरं घर नाही.

मी दारातून बाहेर गेले तर जागा व्हरांड्यातल्याला मिळेल. दाराशी आहे ना तो. जागा इथे झाली पाहिजे, आत, मी बसलेय तिथेच, आणि ती त्यांच्या नावाने — जिवंत माणूस उठून जातं तशी नाही, जीव सोडून जातं तशी —

भीती वाटते. खूप. पण फाटकाच्या गजाला धरलेला तो हात —

सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं वळवलीत. जमीन माझ्या बाजूला कलली. समजलंय त्यांना. शेजारचा जरा सरकला, वाट दिली.

पोन्सियानो कातिगबाक. ताताय. वर या. ही तुमची जागा. मी धरून ठेवलीय, कुणाला देत नाही, तुम्ही पाय ठेवलात की मी —

पायरी वाजली. दुसरी. ताताय, सावकाश, घाई नाही, मी इथेच आ